मालिकावीर कोण, हे ठरतं कसं?

आमखास मैदानावर किंवा गरवारे स्टेडियमवर एखाद्या स्पर्धेचा अंतिम सामना संपतो. करंडक उंचावला जातो, फोटो निघतात, तोवर सगळे खुशीत असतात. मग माइकवरून ‘मालिकावीर’ म्हणून एक नाव पुकारलं जातं आणि गर्दीत कुजबुज सुरू होते. ‘धावा त्याच्या जास्त, पण सगळ्या लिंबूटिंबू संघांविरुद्ध.’ ‘उपांत्य सामना तर दुसऱ्यानंच काढला.’ ‘बॉलरला कधी द्यायचं मग?’

करंडकावरून असं होत नाही. ज्याच्या धावा जास्त तो संघ जिंकला, विषय संपला. एकट्या खेळाडूचं मोल काढायचं म्हटलं की मात्र शहाणी माणसंसुद्धा तासन् तास भांडतात. हे भांडण छत्रपती संभाजीनगरच्या मैदानांपुरतं नाही. रणजी, आयपीएल, खो-खोची राष्ट्रीय स्पर्धा, अमेरिकेतलं बेसबॉल, सगळीकडे हंगाम संपला की ते होतंच. ते का होतं हे समजून घेतलं, तर पुढच्या वेळी निदान कशावर भांडतोय हे तरी कळेल.

एक हंगाम, चार उत्तरं

१५ ऑक्टोबर २०२१, दुबई. चेन्नई आणि कोलकाता यांच्यातला आयपीएलचा अंतिम सामना. चेन्नईच्या डावाचा शेवटचा चेंडू उरलाय. समोर फाफ डू प्लेसी, ८६ धावांवर. त्याचा सलामीचा जोडीदार, आपल्या पुण्याचा ऋतुराज गायकवाड, ३२ धावा करून केव्हाच बाद झालाय. हंगामात ऋतुराजच्या ६३५ धावा, डू प्लेसीच्या ६३३. एक चौकार बसला की सर्वाधिक धावांची ऑरेंज कॅप डू प्लेसीची. शिवम मावीचा तो चेंडू त्यानं उंच मारला आणि झेल गेला. कॅप ऋतुराजच्या डोक्यावर राहिली.

म्हणजे दोघांतला फरक एका चेंडूचा. त्या एका चेंडूनं ऋतुराज हंगामभर डू प्लेसीपेक्षा चांगला खेळला, असं ठरतं का? पुढे पाहा. तिसऱ्या क्रमांकावर पंजाबचा के. एल. राहुल होता, ६२६ धावांवर. पण या धावा त्यानं १३ सामन्यांत केल्या होत्या आणि चेन्नईचे दोघे १६ सामने खेळले होते. सामन्यामागे हिशेब केला तर राहुलच्या ४८, ऋतुराजच्या जेमतेम ४०. पंजाब साखळीतच बाहेर पडलं, त्यामुळे राहुलला आणखी डाव मिळालेच नाहीत.

अंतिम सामन्याचा सामनावीर ठरला डू प्लेसी. आणि ‘सर्वाधिक मौल्यवान खेळाडू’ हा किताब या तिघांपैकी कुणालाच मिळाला नाही. तो गेला बंगळुरूच्या हर्षल पटेलकडे, ज्यानं ३२ बळी घेतले होते आणि ज्याचा संघ अंतिम फेरीत पोचलाच नव्हता.

हा गोंधळ वाटतो, पण तसा तो नाही. सर्वाधिक धावा कुणाच्या, सामन्यामागे सर्वाधिक कुणाच्या, शेवटच्या दिवशी सामना कुणी काढून दिला आणि हंगामभरात सर्वांत उपयोगी कोण पडलं, हे चार वेगळे प्रश्न आहेत. मैदानावरच्या बहुतेक वादांत दोन्ही बाजू खऱ्या असतात, कारण एकजण पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत असतो आणि दुसरा चौथ्याचं.

मोजून दिलेलं बक्षीस

सगळ्यात सोपी पद्धत मोजणीची. ऑरेंज कॅप, सर्वाधिक बळींची पर्पल कॅप किंवा रणजीत सर्वाधिक धावा आणि सर्वाधिक बळींसाठी बीसीसीआय देते तो माधवराव शिंदे पुरस्कार, हे या जातीचे. इथे पंच नाहीत, समिती नाही, वशिला नाही. स्कोअरबुक उघडायचं, बेरीज करायची, नाव जाहीर करायचं. लहान स्पर्धांच्या आयोजकांना ही पद्धत सोयीची वाटते ती यामुळेच.

पण बेरीज जितकी सरळ, तितकी संधी सारखी नसते. वीस षटकांच्या डावात सलामीवीराला वाट्याला येतील तितके चेंडू खेळता येतात. सहाव्या क्रमांकावर येणाऱ्याच्या वाट्याला कधी पंधरा, कधी पाच, कधी एकही नाही. २०२२ मध्ये जोस बटलरनं ८६३ धावा करून ऑरेंज कॅप नेली, ते योग्यच होतं. त्याच हंगामात दिनेश कार्तिक खालच्या क्रमांकावर येऊन ३३० धावाच करू शकला, पण शंभर चेंडूंना १८३ या गतीनं. कितीही चांगला खेळला असता तरी त्याला ऑरेंज कॅप मिळणं जवळपास अशक्य होतं. मोजणीचं बक्षीस हे खेळाडूबरोबर त्याच्या जागेलाही मिळत असतं.

गुणांचा तक्ता आणि त्यातली गोम

मग दुसरा उपाय निघतो. फलंदाज, गोलंदाज, क्षेत्ररक्षक सगळ्यांना एका तराजूत घालण्यासाठी प्रत्येक कृतीला गुण द्यायचे. आयपीएलच्या ‘सर्वाधिक मौल्यवान खेळाडू’ किताबाचा तक्ता असा आहे: चौकाराला अडीच गुण, षटकाराला साडेतीन, बळीला साडेतीन, झेल किंवा यष्टिचीतला अडीच आणि निर्धाव चेंडूला एक.

हा तक्ता कसा चालतो हे २०२५ च्या हंगामात नीट दिसतं. ऑरेंज कॅप मिळाली गुजरातच्या साई सुदर्शनला, ७५९ धावांसाठी. मौल्यवान खेळाडू ठरला मुंबईचा सूर्यकुमार यादव, ७१७ धावांवर. दोघंही निव्वळ फलंदाज. मग ४२ धावा कमी असणारा पुढे गेला कसा?

हिशेब करून पाहू. सुदर्शनचे चौकार ८८, म्हणजे २२० गुण. षटकार २१, म्हणजे साडेत्र्याहत्तर. बेरीज २९३.५. सूर्यकुमारचे चौकार ६९, त्याचे १७२.५. षटकार ३८, त्याचे १३३. बेरीज ३०५.५. बारा गुणांनी सूर्या पुढे.

आता उरलेल्या धावा पाहा. चौकार-षटकार वजा केले की सुदर्शननं पळून काढलेल्या धावा उरतात २८१ आणि सूर्यकुमारच्या २१३. या तक्त्यात त्या सगळ्यांची किंमत शून्य. एकेरी धाव घेऊन फळा हलता ठेवणं, दोनाच्या तीन करणं, याला काहीच नाही. म्हणजे तक्ता तयार करणाऱ्यानं आधीच ठरवून टाकलंय की सीमापार गेलेला चेंडू तेवढा मोलाचा. सूर्यकुमारचा तो हंगाम अप्रतिमच होता, सलग सोळा डावांत त्यानं किमान पंचवीस धावा केल्या, आणि माझ्या लेखी तो किताबाला पात्रच होता. पण त्याचं खरं कारण ते सातत्य आहे आणि तक्ता सातत्याला एकही गुण देत नाही.

आणखी एक गोष्ट तक्त्याला दिसत नाही, ती म्हणजे वेळ. हरलेल्या सामन्याच्या शेवटच्या षटकातला षटकार आणि सामना अडकलेला असताना मारलेला षटकार, दोघांनाही साडेतीनच.

बागायत, जिरायत आणि रणजीचे विक्रम

पैठणच्या नाथसागराचं पाणी ज्याच्या शेताला मिळतं त्याचा एकरी उतारा आणि वैजापूरकडच्या कोरडवाहू माळावर बाजरी घेणाऱ्याचा उतारा, हे दोन आकडे शेजारी ठेवून कोण चांगला शेतकरी हे आपण सांगत नाही. आपण विचारतो, त्या रानात, तेवढ्या पाण्यावर, चारचौघांना किती पिकलं? त्याहून यानं किती जास्त काढलं? गुण त्या ‘जास्त’चे.

खेळातल्या आकड्यांनाही हाच प्रश्न विचारावा लागतो. रणजीच्या २०१८-१९ च्या हंगामात ईशान्येकडचे संघ, बिहार, उत्तराखंड, पुदुच्चेरी असे नऊ संघ नव्यानं किंवा पुन्हा दाखल झाले आणि त्यांचा वेगळा प्लेट गट केला गेला. त्या गटात बिहारच्या आशुतोष अमननं आठ सामन्यांत ६८ बळी घेतले आणि बिशनसिंग बेदींचा १९७४-७५ पासूनचा ६४ बळींचा विक्रम मोडला. त्याच गटात सिक्कीमकडून खेळणाऱ्या मिलिंद कुमारनं १३३१ धावा काढल्या. तिकडे जुन्या संघांच्या एलिट गटात चाळिशी ओलांडलेला वासिम जाफर विदर्भासाठी १०३७ धावा करत होता आणि विदर्भानं करंडक जिंकला.

नुसत्या आकड्यात मिलिंद कुमार जवळपास तीनशे धावांनी पुढे. पण प्लेट गटात अनेक संघांचे बरेच खेळाडू पहिल्यांदाच प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळत होते. जाफरसमोर मुरलेली गोलंदाजी होती. अमन आणि मिलिंद कुमार यांच्या कष्टाचं मोल कमी करायचं नाही. ज्या रानात ते उतरले तिथे त्यांनी भरघोस पीक काढलं. पण तुलना करताना रान पाहावंच लागतं.

अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी हा विचार पार टोकाला नेला. त्यांनी एक काल्पनिक ‘बदली खेळाडू’ कल्पिला, म्हणजे संघातला माणूस जखमी झाल्यावर राखीव फळीतून सहज उपलब्ध होईल असा. मग प्रत्येक खेळाडूबद्दल विचारलं, त्या बदली माणसाऐवजी हा खेळला म्हणून संघानं हंगामात किती सामने जास्त जिंकले? फलंदाजी, पळणं, क्षेत्ररक्षण, मैदानाचा आकार, सगळं धरून येणारा हा एक आकडा. त्याला ते ‘वॉर’ म्हणतात. तो अचूक असतो असं नाही, त्यातही गृहीतकं असतात. पण प्रश्न बरोबर विचारलेला असतो.

मतदान: बेसबॉलमधलं गाजलेलं भांडण

तिसरी पद्धत माणसांच्या निवाड्याची. अमेरिकी बेसबॉलच्या दोन्ही लीगमध्ये सर्वाधिक मौल्यवान खेळाडू पत्रकार निवडतात. प्रत्येकानं पहिल्यापासून दहाव्यापर्यंत दहा नावं क्रमानं लिहायची. पहिल्या नावाला १४ गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८ आणि असंच उतरत दहाव्याला एक. मतं साखळी संपताच, बाद फेरीला सुरुवात होण्याआधी द्यायची. ही अट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे मालिकावीर अंतिम सामन्यानंतर जाहीर होतो, त्यामुळे शेवटच्या दिवशीची एक खेळी आधीच्या दोन महिन्यांवर भारी पडते.

२०१२ साली अमेरिकन लीगमध्ये दोन नावांवरून रान पेटलं. डेट्रॉइटचा मिगेल कॅब्रेरा आणि एंजल्सचा वीस वर्षांचा माइक ट्राउट. कॅब्रेरा त्या वर्षी फलंदाजीची सरासरी, मैदानाबाहेर टोलवलेले चेंडू म्हणजे होम रन आणि आपल्या फटक्यावर घरी आणलेल्या धावा, या तिन्हींत लीगमध्ये पहिला आला होता. असं त्याआधी घडलं होतं १९६७ मध्ये. ट्राउटचे होम रन कमी, पण तो वाऱ्यासारखा पळायचा, ४९ वेळा पुढचा तळ ‘चोरून’ गाठला आणि क्षेत्ररक्षणात कॅब्रेराला मागे टाकलं. ‘वॉर’च्या हिशेबात तो बराच पुढे होता.

२८ मतदारांपैकी २२ जणांनी कॅब्रेराला पहिलं स्थान दिलं, उरलेल्या सहांनी दुसरं. बावीस गुणिले चौदा ३०८, अधिक सहा नव्वे चोपन्न, एकूण ३६२. ट्राउटला २८१. कॅब्रेराच्या बाजूनं एक मुद्दा वारंवार मांडला गेला, की त्याचा संघ बाद फेरीत गेला आणि ट्राउटचा गेला नाही. आकडे काय सांगतात? डेट्रॉइटनं सामने जिंकले ८८, एंजल्सनं ८९. एक सामना जास्त जिंकूनही एंजल्स बाहेर, कारण लीगचे विभाग पाडलेले असतात आणि त्यांचा विभाग अवघड होता. दुसऱ्या विभागातले संघ किती तगडे, यावरून ट्राउटची लायकी ठरवायची, हे मला पटत नाही.

याच लीगच्या मतदारांनी दोनच वर्षं आधी वेगळा निवाडा केला होता. सर्वोत्तम गोलंदाजाचा साय यंग पुरस्कार २०१० मध्ये सिअ‍ॅटलच्या फेलिक्स हर्नांडेझला मिळाला. त्याच्या नावावर १३ विजय आणि १२ पराभव होते. प्रतिस्पर्ध्यांत २१ विजयांचा गोलंदाज होता. पण प्रत्येक पूर्ण सामन्यामागे हर्नांडेझनं सरासरी २.२७ धावाच दिल्या होत्या, लीगमध्ये सर्वांत कमी. त्याच्या संघाला धावा काढता येत नव्हत्या, तो संघ १०१ सामने हरला. मतदारांनी संघाचं अपयश गोलंदाजाच्या माथी मारलं नाही.

चौकट: वाद घालण्याआधी

बक्षीस कशाचं: धावांचं, उपयोगाचं की निर्णायक क्षणाचं?
संधी किती: सामने, डाव, वाट्याला आलेले चेंडू.
रान कसं: प्रतिस्पर्धी, खेळपट्टी, गट.
दुसरा असता तर: त्याच जागी सर्वसाधारण खेळाडूनं काय केलं असतं?
संघाचा निकाल: धरायचा की नाही, हे आधी ठरलंय का?

आपल्या माणसांचा हंगाम

महाराष्ट्राच्या रणजी संघाचा २०१३-१४ चा हंगाम इथल्या क्रिकेटवेड्यांना पाठ असेल. केदार जाधवनं सहा शतकांसह १२२३ धावा केल्या, त्या वर्षी देशात सर्वाधिक. वानखेडेवर मुंबईला आठ गडी राखून हरवलं तेव्हा केदार १२० आणि जालन्याचा विजय झोल ९१ धावांवर नाबाद होते. हैदराबादच्या अंतिम सामन्यात महाराष्ट्र कर्नाटककडून हरला. त्या सामन्याच्या पहिल्या डावात पैठणच्या अंकित बावणेनं ८९ धावा केल्या.

अंकितसारख्यांचीच कुठल्याही तक्त्यात सर्वाधिक उपेक्षा होते. २००७ मध्ये शाळकरी वयात तो महाराष्ट्राकडून प्रथम श्रेणीत उतरला, दीड दशकाहून जास्त काळ मधल्या फळीत उभा राहिला, पन्नासच्या आसपास सरासरी राखली. एका हंगामाच्या किताबासाठी एकच झंझावाती वर्ष लागतं. दरवर्षी पडझडीच्या वेळी उभं राहणाऱ्याला हंगामअखेरच्या व्यासपीठावर जागाच नसते. तशी जागा असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

विदर्भाचा २०२४-२५ चा विजयी हंगाम याहून कठीण कोडं घालतो. एकाच संघात यश राठोडच्या ९६० धावा, त्या हंगामात सर्वाधिक. करुण नायरच्या ८६३, त्यात अंतिम सामन्यात ८६ आणि १३५. दानिश मालेवारच्या अंतिम सामन्यात १५३ आणि ७३, सामनावीर तोच. आणि डावखुरा फिरकीपटू हर्ष दुबे याचे ६९ बळी, अमनचा विक्रम मोडणारे, शिवाय फलंदाजीत ४७६ धावा. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू दुबे ठरला. माझं मतही त्यालाच गेलं असतं. अमनपेक्षा त्याला दोन सामने जास्त मिळाले हे खरं, पण समोर एलिट गटातले संघ होते. आणि चार दिवसांचा सामना थेट जिंकायचा तर सहसा समोरच्याचे वीस गडी बाद करावे लागतात. धावांचा डोंगर रचून ते काम होत नाही. तिथे एका माणसानं दहा सामन्यांत ६९ बळी मिळवून देणं, याला त्याच संघात दुसरा पर्याय नव्हता. राठोडच्या धावा मात्र नायर, मालेवार थोड्याफार भरून काढू शकले असते.

खो-खोतली अडीच मिनिटं

खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांत सर्वोत्तम खेळाडूला एकलव्य आणि महिलांत राणी लक्ष्मीबाई पुरस्कार मिळतो. इथला पेच क्रिकेटपेक्षाही गुंतागुंतीचा, कारण संरक्षण मोजलं जातं मिनिटांत आणि आक्रमण गड्यांत.

नऊ मिनिटांच्या पाळीत तिघांची तुकडी मैदानात उतरते. समजा पहिला एका मिनिटाला बाद झाला, दुसरा १ मिनिट ४० सेकंदांना आणि तिसरा अडीच मिनिटांना. दुसऱ्या दिवशी पेपरात तिसऱ्याच्या नावापुढे २.३० छापून येतं. दुसऱ्या एका तुकडीत पहिला पंधरा सेकंदांत, दुसरा तिसाव्या सेकंदाला बाद झाला आणि तिसरा तेव्हाही अडीच मिनिटांनाच. छापील आकडा तोच. पण पहिल्या तुकडीतला तिसरा एकटा पळाला पन्नास सेकंद आणि दुसऱ्या तुकडीतला पुरती दोन मिनिटं, तीही सगळं आक्रमण त्याच्या एकट्याच्या अंगावर असताना. आधीचा गडी कधी बाद झाला याची नोंद गुणपत्रकात असतेच, वजाबाकी तेवढी करावी लागते.

मिनिटांची गड्यांशी सांगडही घालता येते. त्या सामन्यात संरक्षकांचा नऊ मिनिटांत सरासरी मिनिटाला एक गडी जात असेल, तर एकट्यानं दोन मिनिटं काढून बाद होणाऱ्यानं एक गडी वाचवला, कारण तेवढ्या वेळात दोन जायचे ते एकच गेला. प्रतिस्पर्ध्याचे गडी बाद करणाऱ्याशी त्याची तुलना आता एका मापात होऊ शकते.

तरीही दोन गोष्टी कागदावर येत नाहीत. पहिल्या तुकडीतल्या तिसऱ्याच्या मागेच आक्रमक मिनिटभर धावले आणि तो सापडत नाही म्हणून दुसऱ्यांकडे वळले, असंही झालेलं असू शकतं. आणि सूर मारून गडी टिपणाऱ्याचं नाव लागतं, पण नेमक्या क्षणी खो देऊन त्या गड्याची वाट अडवणाऱ्याचं नाव कुठेच लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या दोन्ही संघांनी पहिला विश्वचषक जिंकला, तेव्हा पडद्यावर सावकाश फिरवलेली दृश्यं पाहताना असे किती तरी खो दिसले. हे टिपायला मैदानाच्या कडेला जाणती माणसंच लागतात.

म्हणून शहरातल्या स्पर्धांच्या आयोजकांकडे माझी मागणी साधी आहे. लॉट्स पाडतात त्याच दिवशी नियमांच्या कागदावर एक ओळ वाढवा: मालिकावीराच्या निवडीत काय धरलं जाईल आणि काय नाही. सर्वाधिक धावा आणि सर्वाधिक बळींची बक्षिसं वेगळी ठेवा, म्हणजे मालिकावीरासाठी तेच आकडे पुन्हा मोजले जाणार नाहीत. निवड समितीत उत्तम स्कोअरर घ्या, कारण अख्खी स्पर्धा चेंडूगणिक पाहिलेला बहुधा तोच एक असतो. मतं अंतिम सामन्याआधी बंद पाकिटात घ्या; अंतिम सामन्यासाठी सामनावीराचं बक्षीस आहेच. नाव पुकारताना माइकवरून दोन वाक्यांत कारणही सांगा.